हवेसाठी दुसरं भोक

सेक्टर १५, फरीदाबाद
४ फेब्रुवारी २०२४

ती. दामूकाका,
सा. नमस्कार.

पत्राची सुरुवात अशी करायची असते हे मला बाबांनी सांगितलं. ‘सा.’ म्हणजे काय, ते मात्र त्यांना दोन मिनिटं आठवेना. मग आठवलं, साष्टांग. एवढा मोठा नमस्कार मी आजपर्यंत कोणाला केलेला नाही, त्यामुळे तो आधी स्वीकारा आणि मग पुढचं वाचा.

मी देवयानी, तुमच्या दिल्लीच्या चुलतभावाची धाकटी मुलगी. उल्काताईच्या लग्नात तुम्ही आला होतात तेव्हा मी सातवीत होते. आता मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे आणि फरीदाबादला एका छोट्या कंपनीत मशीनं डिझाइन करते. बाबा म्हणाले, तुम्हाला आता फोनवर काहीच ऐकू येत नाही, आणि मोबाईलवर टाइप करायला तुम्ही साफ नकार दिलाय. म्हणून पत्र. माझं मराठी दिल्लीचं आहे, सांभाळून घ्या.

काम असं आहे. ज्यूसची कागदी खोकी असतात ना, स्ट्रॉ खुपसून पितात ती? त्यातली खूप खोकी दुकानातून परत येतात. कोणाची तारीख उलटलेली असते, कोणाचं छापणं चुकलेलं, कोणी चेपलेलं. मानेसरला अशा परत आलेल्या मालाचं मोठं गोदाम आहे. त्यांना मशीन हवंय, जे खोकं उघडेल, आतलं सगळं ज्यूस एका टाकीत काढेल आणि रिकामा कागद वेगळा देईल. आमचे यतीन सर आजपर्यंत फक्त कन्व्हेयर बनवायचे. मीच त्यांना म्हटलं, हे आपण करू शकतो. माझं हे पहिलं स्वतःचं मशीन आहे, काका.

मी दोन रोलर लावले आणि खोकं त्यांच्यामधून काढलं. ते आधी बेडकासारखं फुगलं, मग फुटलं, आणि आंब्याचा सगळा रस यतीन सरांच्या शर्टावर. सर पंजाबी आहेत. म्हणाले, “चलो, कम से कम निकला तो सही.” पण अर्धा रस खोक्यातच राहतो आणि कागदाचे तुकडे रसात पडून छलनी बंद होते. मे महिन्यात ट्रायल आहे. ती फेल गेली तर मी परत कन्व्हेयरचे ब्रॅकेट काढत बसणार.

बाबा म्हणतात, तुम्ही दूध डेअरीत तीस वर्षं फिटर होतात आणि फुटक्या पिशव्यांचं दूध काढायचं मशीन तुम्ही स्वतः केलं होतं. ते कसं केलं होतं? प्लीज लिहा.

तुमची,
देवयानी

*

विटा, जि. सांगली
१३ फेब्रुवारी २०२४

चि. देवयानी हिस अनेक आशीर्वाद.

साष्टांग नमस्कार पोचला. उठून बस आता.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मजकुरासाठी आणि दुसऱ्यांदा आनंदासाठी, कारण माझ्या नावाने या घरात लाइटबिलाखेरीज काही येत नाही. मराठी तुझं ठीक आहे. फक्त छलनी नव्हे, चाळणी. तुझ्या आजीने हे ऐकलं असतं तर तुला पुण्याला आणून ठेवलं असतं.

आता यंत्राचं. तू उघडण्याआधी दाबतेस, म्हणून ते फुटतं. बंद वस्तू दाबली की ती स्वतःच्या मर्जीने फुटणार, तुझ्या मर्जीने नाही. आधी भोक, मग दाब. आणि याहून महत्त्वाचं म्हणजे टेबलावर बसून चित्रं काढू नकोस. ती खोकी आज हाताने कोणीतरी कापत असणार. तिकडे जा. हात बघ. बोटं कुठे धरतात, सुरी कुठून शिरते, मनगट कधी वळतं, हे सगळं बघून ये. यंत्र म्हणजे कोणाचा तरी हातच असतो, फक्त लोखंडाचा.

दुसरं. तो काढलेला रस कुठे जाणार आहे? तारीख उलटलेला माल गाळून पुन्हा कोणाच्या पेल्यात जाणार असेल, तर मला पुढचं पत्र घालू नकोस. मी दूध विकणाऱ्यांमध्ये आयुष्य काढलं आहे, मला सगळे प्रकार माहीत आहेत.

माझ्या यंत्राविषयी विचारलंस. होतं ठीक. एक्क्याण्णव साली केलं. त्याचं विशेष काही सांगण्यासारखं नाही.

तुझा,
दामूकाका

*

फरीदाबाद
२ मार्च २०२४

ती. काका,

चाळणी, चाळणी, चाळणी. दहा वेळा लिहायची होती, तीनदा लिहिली.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. रस कोणाच्याही पेल्यात जात नाही. तो गॅस बनवायच्या प्लांटला जातो. मी स्वतः तिथे जाऊन बघितलं. टाकीत रस उतरला रे उतरला की त्यात शेणाचं पाणी सोडतात, म्हणजे कोणाला मोहच व्हायला नको. आता लिहू ना पुढे?

मी मानेसरला चार दिवस जाऊन आले. गाड्यांच्या कारखान्यांच्या पलीकडे, शेअर ऑटो जिथे वळून परत जातात, तिथे ते गोदाम आहे. आत चौदा बायका बसतात. प्रत्येकीपुढे निळा टब आणि हातात छोटी सुरी. फरशी इतकी चिकट की माझी चप्पल दोनदा तिथेच राहिली आणि मी पुढे गेले. मधमाश्या तर अशा फिरतात जणू त्यांचीही ड्यूटी लागली आहे. पण जवळजवळ सगळ्यांच्या बोटांना पट्ट्या आहेत. रस जखमेत गेला की झोंबतो.

त्यांच्यात सुमित्रा म्हणून एक आहे. झाशीकडची, पंचेचाळीसची असेल. तिचा हात बघताना मला घड्याळ लावावं लागलं. चार सेकंदांत एक खोकं! खालच्या कोपऱ्याला एक तिरका काप, आणि लगेच वरच्या बाजूला सुरीचं टोक नुसतं टोचायचं. मग तळव्याने दाबायचं. बाकीच्या बायका एकच काप देतात आणि खोकं हलवत बसतात. मी विचारलं, वरचं भोक कशासाठी? ती म्हणाली, “हवा अंदर नहीं जाएगी तो माल बाहर कैसे आएगा, मैडम?”

काका, मी चार वर्षं कॉलेजात हेच शिकले होते! आणि रोलर लावून बसले. परत आल्यावर मी खाली एक पातं आणि वर एक सुळा लावला. दोन भोकं, मग हळू दाब. मशीनचं चित्र सोबत पाठवतेय. आता खोक्यात चमचाभर रस राहतो. यतीन सरांनी सगळ्या वर्कशॉपला समोसे दिले.

कागदाचे तुकडे अजून पडतात, चाळणी (बघा!) अजून तुंबते. पण ते होईल.

एकच गोष्ट. मी गोदामात सांगितलं की सर्व्हे करतेय. मशीनचं बोलले नाही. सर म्हणाले, उगाच आधी सांगून गडबड कशाला. ठीकच आहे ना?

देवयानी

*

विटा
११ मार्च २०२४

चि. देवयानी,

दोन भोकांबद्दल शाबासकी. ती निम्मी तुला आणि निम्मी त्या सुमित्राबाईंना.

पण तू शेवटी जे ‘ठीकच आहे ना’ विचारलंस, त्याचं उत्तर तुला आधीच माहीत आहे. नाहीतर तू विचारलं नसतंस.

मागच्या पत्रात मी तुला म्हणालो की माझ्या यंत्राविषयी सांगण्यासारखं काही नाही. ते खोटं होतं. आता खरं लिहितो.

आमच्या डेअरीत गळक्या पिशव्या कापून दूध परत काढायचं काम सात माणसं करायची. त्यांत बळवंत सगळ्यांत चपळ. त्याने स्वतः सुरीला बाक देऊन घेतला होता, त्यामुळे पिशवीला सुरी लावली की ती ओढल्यासारखी उघडायची. आम्ही एका खोलीत राहायचो, एका डब्यात जेवायचो. मी आठवडाभर त्याच्या शेजारी स्टूल टाकून बसलो, हात बघितला, घड्याळ लावलं. त्याला वाटलं, दामूला आपलं कौतुक आहे. ते होतंच. पण साहेबांनी मला यंत्र करायला सांगितलं आहे, हे मी त्याला बोललो नाही. म्हटलं, यंत्र चाललं नाही तर उगाच कशाला.

यंत्र चाललं. सात माणसांना घरी पाठवल्याची नोटीस बोर्डावर लागली. बळवंतला वाचता यायचं, त्याने ती स्वतःच वाचली. मी तेव्हा यंत्राला ग्रीस लावत होतो. तो दारात येऊन उभा राहिला, यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला. तासगावला असतो म्हणतात. इथून तासाभराचा रस्ता. तेहेतीस वर्षं झाली.

यंत्र करू नकोस असं मी म्हणत नाही. त्या बायकांची बोटं वाचत असतील तर जरूर कर. पण ज्या बाईने तुला दुसरं भोक दाखवलं, तिला ही गोष्ट कागद चिकटवलेल्या भिंतीने सांगू नये. तू सांग.

तुझा,
दामूकाका

*

(पोस्टकार्ड)

विटा
३० मार्च २०२४

चि. देवयानी,

महिना झाला, पत्र नाही. रागावली असशील तर तसं लिही. रागाचं पत्रही चालेल, मी पोस्टमनला रोज इतकं विचारतो की तो आता गल्ली बदलून जातो.

दामूकाका

*

फरीदाबाद
१९ एप्रिल २०२४

ती. काका,

घाईत लिहितेय, ऑफिसमधूनच. रागावले नव्हते. घाबरले होते, आणि तुमचं पत्र ड्रॉवरमध्ये खाली घालून ठेवलं होतं. पोस्टकार्ड आलं त्या दिवशी ते वर काढलं आणि मानेसरला गेले. सुमित्राला सगळं सांगितलं.

त्यानंतर दहा दिवस नुसता गोंधळ. सर माझ्यावर खूप भडकले. मी पण बोलले, जरा जास्तच बोलले. शेवटी शनिवारी सरांच्या केबिनमध्ये राजीनामा झाला. काका, सही झाल्यावर इतकं हलकं वाटलं ना, की खाली उतरून मी एकटीने दोन प्लेट छोले-कुलचे खाल्ले. हे तुमच्यामुळे झालं. बाबांना अजून सांगितलं नाही, तुम्हीही प्लीज सांगू नका.

बाकी सविस्तर लिहिते.

देवयानी

*

विटा
२६ एप्रिल २०२४

चि. देवयानी,

पत्र वाचून मी खुर्चीतच बसून राहिलो. शेजारच्या अवनीने येऊन विचारलं, आजोबा, बरं वाटत नाही का? पाटीवर लिहून विचारलं बिचारीने.

पोरी, मी तुला खरं बोल म्हणालो होतो, नोकरी सोड नव्हे! तुझं पहिलं यंत्र, तू ते अर्ध्यावर टाकून आलीस, आणि वर म्हणतेस की माझ्यामुळे. माझ्यासारख्या माणसाने दुसऱ्याला शहाणपण शिकवावं? जे मला तेहेतीस वर्षांत तासाभराच्या रस्त्यावर जाऊन जमलं नाही, ते तुला आठ ओळींत करायला सांगितलं, आणि तू ते केलंस. नोकरीसकट केलंस.

मला आज स्वतःची फार लाज वाटली. उद्या सकाळच्या एसटीने मी तासगावला जातो आहे. बळवंत दारातून हाकलून देईल. देऊ दे. तुझ्या यंत्राचं चित्र तू पाठवलं होतंस ते बरोबर घेतो, काय बोलायचं सुचलं नाही तर निदान दाखवायला हातात काहीतरी असेल.

बाबांना मी काही सांगणार नाही. पण दुसरी नोकरी बघायला लाग.

दामूकाका

*

फरीदाबाद
४ मे २०२४

ती. काका!!

मी नोकरी सोडलेली नाही! बिल्कुल नाही! तुमचं पत्र वाचून आधी मला काही कळेना. मग बाबांना दाखवलं (सरांशी भांडल्याचं त्यांना कळू द्यायचं नव्हतं, पण दाखवावंच लागलं), तर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, “अगं, मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद.” काका, इकडे राज़ीनामा म्हणजे समझोता! दोन्ही बाजू राज़ी झाल्या, सही केली, झाला राज़ीनामा. माझी चूक आहे, तुमचं काळीज हललं, सॉरी, सॉरी, साष्टांग सॉरी.

आता नीट लिहिते.

मी सुमित्राला जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन सांगितलं, की मी सर्व्हेवाली नाही, मी तुमचं काम करणारं मशीन बनवतेय, आणि दुसरं भोक मी तुमच्या हातातून उचललंय. मला वाटलं ती रडेल किंवा शिव्या देईल. ती डब्यातली भेंडी खात म्हणाली, “हमें पहले दिन से पता था. जो घड़ी लगाके हाथ देखता है, वो और क्या बनाएगा?” मग म्हणाली, “झूठ बोलती रहतीं तो हम भी एक बात ना बतातीं.”

कोणती बात, ते ती सांगेना. रविवारी आणखी दोघींना बरोबर घेऊन ती आमच्या वर्कशॉपवर आली. मशीन सगळ्या बाजूंनी बघितलं, वाकून खालूनही बघितलं. मी मोठ्या रुबाबात गोदामातून आणलेली खोकी टाकली. वीस चांगली गेली. एकविसावं फटाक्यासारखं फुटलं, सुळा वाकला, बेल्ट जाम. सुमित्राने तोंडावर पदर धरला, पण हसत होती हे खांद्यांवरून कळत होतं.

ती बात ही होती. जुन्या मालात रस आंबतो आणि आत गॅस होतो. वरून खोकं अगदी चांगलं दिसतं. त्या बायका हातात घेताक्षणी ओळखतात, अंगठ्याने बाजू दाबायची आणि आवाज ऐकायचा. चांगलं खोकं ‘डब’ म्हणतं, आंबलेलं ‘टण’ म्हणतं. टण वाली वेगळी ठेवून, लांबून, जाळीमागे हळू टोचायची. हे कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नव्हतं, आणि मी वर्षभर बसले असते तरी मला कळलं नसतं. तिघींनी बसून ढीग वेगळे केले. त्यानंतर मशीन तासभर चाललं, एकदाही अडकलं नाही.

यतीन सर तोपर्यंत माझ्याशी बोलत नव्हते. तासभर ते मशीनसमोर उभे राहिले. मग स्वतः चहा घेऊन आले आणि सुमित्राला विचारलं, “बहनजी, आप क्या चाहती हैं?” ती म्हणाली, छँटाई, म्हणजे डब-टण वेगळं करणं, आम्ही करणार, मशीन आम्ही चालवणार, धुणार आम्ही, शिकवणार तुम्ही. आणि लिहून द्या. गोदामाच्या ठेकेदाराला बोलावलं. तो दोन दिवस कुरकुर करत राहिला. सर म्हणाले, या बायकांशिवाय आम्ही मशीनची गॅरंटी देत नाही. तेव्हा कुठे तिघांच्या सह्या झाल्या, आणि साक्षीदार म्हणून माझी. हा तो राज़ीनामा.

आता तुम्ही सांगा. तुम्ही खरंच तासगावला गेलात?

देवयानी

*

विटा
१४ मे २०२४

चि. देवयानी,

गेलो. तुझ्या एका शब्दाचा खरा अर्थ मला आधी कळला असता तर गेलो नसतो, आणि मग असाच मेलो असतो. तेव्हा सॉरी वगैरे काही म्हणू नकोस.

बळवंत तासगावच्या बाहेर एका रोपवाटिकेत द्राक्षाची कलमं बांधतो. मी गेलो तेव्हा मांडवात बसला होता. केस सगळे पांढरे, पण हात तोच. काडी घेतली, काप दिला, खाच बसवली, पट्टी गुंडाळली, दुसरी काडी. मी पाच मिनिटं उभा राहून बघत होतो. मग माझ्या लक्षात आलं, की हेच तर मी तेव्हा केलं होतं. मी लगेच पुढे झालो आणि म्हणालो, “बळवंत, मी दामू.”

तो उठला. माझ्यासमोर येऊन बोलायला लागला. हात हलत होते, मान ताठ, तोंड लाल. मांडवातल्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. तो चांगला पाच-सात मिनिटं बोलला. आणि मला, पोरी, एक अक्षर ऐकू आलं नाही. शेवटी मी कानाकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

तो थांबला. तोंड उघडं तसंच राहिलं. मग मटकन खाली बसला आणि डोकं धरलं. मला वाटलं, रडतो की काय. हसत होता. मांडवातल्या एका बाईने मला नंतर लिहून सांगितलं, तो म्हणत होता, “इतकी वर्षं पाठ करून ठेवलं होतं, आणि हा बहिरा होऊन आला!”

मी खिशातलं पेन पुढे केलं. कलमांना नावं लावायची पुठ्ठ्याची पट्टी असते, त्यावर तो लिहायला बसला. बराच वेळ बसला. लिहून झालं तेव्हा दीड ओळ होती. ‘नोटीस वाचायला तूच मला हाताला धरून नेलं असतंस, तरी चाललं असतं.’

मी खाली लिहिलं, ‘हो. चुकलो.’ दुसरं काय लिहिणार?

मग त्याने चहा सांगितला. दोन कपांनंतर मी तुझं चित्र काढलं, कारण हात रिकामे होते. त्याने ते गुडघ्यावर पसरलं आणि पात्यावर बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं, की तुझं पातं सरळ आहे, ते कागदात घुसतं आणि तुकडा पाडतं. पात्याला बाक दे. टोक आत शिरलं की कागद ओढला गेला पाहिजे, चिरला गेला पाहिजे, तुटता कामा नये. तुकडाच पडला नाही तर चाळणी कशाला तुंबेल? मागच्या बाजूला त्याने सुरीचा बाक काढून दिला आहे, सोबत जोडतो. खाली त्याची सही आहे. त्याने स्वतःहून केली, मी सांगितली नाही.

मी दर गुरुवारी जायचं ठरलं आहे. तो मला कलमं बांधायला शिकवतो. माझी अजून एकही जगलेली नाही.

तुझा,
दामूकाका

*

फरीदाबाद
३० जून २०२४

ती. काका आणि ती. बळवंतकाका,

हे पत्र दोघांना आहे, गुरुवारी एकत्र वाचा.

बळवंतकाका, तुमचा बाक आमच्या टूलरूममध्ये पाच वेळा चुकला. सहाव्यांदा जमला. पहिल्या तासानंतर मी चाळणी काढून बघितली तर तळाला कागदाचे फक्त चार तुकडे. मी ते चिमटीत धरून यतीन सरांना दाखवायला पळाले. त्यांनी टूलरूमच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘बळवंत ब्लेड’. आता सगळे तेच म्हणतात. तुम्ही काढलेलं चित्र मी फाइलमध्ये लावलं आहे, त्यावर कोणी चहाचा कप ठेवला तर त्याचं काही खरं नाही.

मेची ट्रायल पास झाली. मशीन मागच्या सोमवारी मानेसरला बसलं. चौदांपैकी अकरा जणी आता त्याच्यावर आहेत, दोन पाळ्यांत. दुसऱ्या दोन गोदामांचा माल पण इथेच येणार असल्यामुळे एवढ्या जणी लागतात. दोघींनी शेजारच्या पॅकिंगमध्ये काम घेतलं, तिथे बसायला खुर्ची मिळते म्हणून. विजयालक्ष्मी नावाची एक जण काम सोडून चेन्नईला मुलीकडे गेली. जाताना मला म्हणाली, मशीनमुळे नाही, नातवामुळे. मी ते खरं मानायचं ठरवलंय, पण अधूनमधून तिची आठवण येते.

बोटांच्या पट्ट्या मात्र गेल्या. चिकटपणा गेला नाही, मधमाश्या पण तशाच ड्यूटीवर आहेत.

आता बुधवारचं सांगते. ज्यूस कंपनीचे मोठे साहेब मशीन बघायला येणार होते. ठेकेदाराने नवा शर्ट घातला होता, सर टाय लावून आले होते, मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. साहेब आले, मशीन सुरू झालं. बेल्टवरून खोकी एकामागून एक जाताहेत, पातं, सुळा, दाब, रस खाली, कागद बाजूला. साहेब मान हलवताहेत. साहेबांना घाई होती म्हणून ठेकेदाराने माझ्या नकळत एक नवीन ट्रॉली, छँटाई न झालेली, सरळ बेल्टवर ओतायला सांगितली.

सुमित्राने लाल बटण दाबलं. मशीन थांबलं.

ठेकेदार ओरडला, “अरे, चालू करो!” सुमित्रा म्हणाली, “छँटा हुआ नहीं है.” तो म्हणाला, “साहब खड़े हैं!” ती म्हणाली, “तो साहब को कुर्सी दो.”

साहेब माझ्याकडे वळले, कारण गळ्यात कार्ड मी घातलं होतं. म्हणाले, “मैडम, आप चला दीजिए.” काका, मी मशीन डिझाइन केलंय. हिरवं बटण माझ्यापासून दोन पावलांवर होतं. सरांचा चेहरा मला दिसत होता.

मी म्हटलं, “सर, ऑपरेटर ये हैं. ये कहेंगी तब चलेगी.”

कोणीतरी खरंच खुर्ची आणली. साहेब बसले. सहा जणी ट्रॉलीभोवती जमल्या आणि अंगठे चालायला लागले, डब, डब, डब, टण, डब. पाच-सात मिनिटांनी साहेबांनी विचारलं, हे काय करताहेत? सुमित्राने त्यांच्या हातात एक चांगलं खोकं दिलं आणि एक आंबलेलं. साहेबांनी दाबलं, कानाला लावलं. परत दाबलं. त्यांना फरक कळेना. तिने तिसरं दिलं. चौथ्याला ते म्हणाले, “टण?” सगळ्या जणी एकदम म्हणाल्या, “हाँ!” आणि साहेब शाळेत पहिला नंबर आल्यासारखे खूश.

सतरा टण निघाली. सुमित्राने ती जाळीमागे पाठवली, हात पुसले, बेल्टवर एकदा नजर टाकली आणि हिरवं बटण दाबलं.

तुमची,
देवयानी